मँडरिन ड्रॅगोनेट : जगातला सगळ्यात देखणा मासा घरच्या टँकमध्ये उपाशी का मरतो? आणि हॅचरीतल्या पिल्लांमुळे काय बदललं?

मंडळी, रील्स चाळताना हा मासा एकदा तरी तुमच्यासमोर आला असणार. निळ्या अंगावर नारिंगी वळणदार पट्टे, हिरवट चेहरा, बेडकासारखे वर आलेले डोळे आणि पोटाखालचे पर टेकवत खडकावरून टुणटुण चालण्याची लकब. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे नक्की फोटोशॉप आहे. हा मँडरिन ड्रॅगोनेट. खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्या बहुतेकांना तो हवा असतो आणि अनेकांनी तो काही आठवड्यांत गमावलेलाही असतो.

बरं, तो मरतो कशाने? बहुतेक वेळा आजाराने नाही. चहूबाजूंनी खाणं पडत असलेल्या टँकमध्ये तो उपाशी मरतो.

हा मासा नेमका कोण?

शास्त्रीय नाव सिंकिरोपस स्प्लेंडिडस. १९२७ मध्ये आल्बर्ट हेर या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने फिलिपिन्समधल्या नमुन्यांवरून त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. जपानच्या र्‍यूक्यू बेटांपासून फिलिपिन्स, इंडोनेशिया, पलाऊ करत ऑस्ट्रेलियापर्यंत, पश्चिम पॅसिफिकच्या उथळ आणि शांत खाड्यांमध्ये तुटलेल्या प्रवाळांच्या ढिगाऱ्यात तो राहतो. लांबी फार तर सहा-सात सेंटिमीटर. जुन्या चीनमधल्या राजदरबारी अधिकाऱ्यांच्या भरजरी अंगरख्यासारखा दिसतो म्हणून 'मँडरिन'. दुकानात त्याला 'मँडरिन गोबी' म्हणतात, पण तो गोबी नाही. ठिपकेवाला 'स्पॉटेड मँडरिन' हा त्याचाच सख्खा भाऊबंद.

याच्या निळ्या रंगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोराच्या किंवा नीलकंठाच्या पिसातला निळा रंग खरं तर रंगद्रव्याचा नसतोच. पिसाच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश असा परततो की आपल्याला निळा दिसतो. प्राणिजगतातला बहुतेक निळा असाच असतो. मँडरिनच्या कातडीत मात्र खरोखर निळ्या रंगद्रव्याच्या पेशी आहेत. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत अशा पेशी सापडलेले जीव बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि त्यातले दोन म्हणजे हा आणि तो ठिपकेवाला.

अंगावर खवले नाहीत. त्याऐवजी जाड, कडवट, वास मारणारा चिकट स्राव असतो. त्यामुळे मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि टँकमधल्या माशांना सतावणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही याला तुलनेने कमी होतो. म्हणजे मासा तसा चिवट आहे. अडतं ते फक्त जेवणावर.

दिवसभर चरणारा मासा

समुद्रात हा मासा उजेड असेपर्यंत चरत असतो. दोन पावलं पुढे जायचं, डोळे फिरवायचे, टोच मारायची, पुन्हा पुढे. त्याचं मुख्य अन्न म्हणजे कोपेपॉड : झिंग्याचे दूरचे, जेमतेम मिलिमीटरभर लांबीचे नातेवाईक. जोडीला बारीक कृमी, छोटे शंख, इतर माशांची अंडी. एकदा पोटभर खाऊन सुस्तावणं त्याच्या शरीराला जमत नाही. थोडं थोडं, पण सतत लागतं.

आता हाच मासा पकडून तुमच्या टँकमध्ये सोडला. तुम्ही सकाळ-संध्याकाळ पेलेट टाकता. क्लाउनफिश धावत येतात आणि अर्ध्या मिनिटात फडशा पाडतात. समुद्रातून आलेल्या मँडरिनला पेलेट हे अन्न आहे हेच ओळखू येत नाही. तो खडकांवरचे कोपेपॉड टिपत राहतो. मालक खूश, कारण मासा दिवसभर काहीतरी खाताना दिसतोय. पण छोट्या टँकमधले कोपेपॉड तो काही आठवड्यांत संपवतो. त्यानंतरही टोच मारणं चालूच असतं, फक्त तोंडात काही जात नाही. रंग शेवटपर्यंत तसाच झगझगीत राहतो, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. लक्ष द्यायचं ते रंगाकडे नाही, पोटाकडे. पोट आत ओढलेलं, पाठीची कड वर आलेली आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसायला लागलं की समजावं, उपासमार बरीच पुढे गेली आहे.

म्हणूनच जुने जाणते सांगत आले की मँडरिन हवा असेल तर किमान दोनशे-अडीचशे लिटरचा टँक, त्यात भरपूर जिवंत खडक आणि टँक सुरू होऊन निदान सहा महिने, शक्यतो वर्ष झालेलं असावं. समुद्रातून पकडलेल्या माशासाठी हा सल्ला आजही शंभर टक्के लागू आहे.

हॅचरीतल्या पिल्लांनी काय बदललं?

या माशांची जोडी जमवणं कठीण नाही. संध्याकाळी अंधारून आलं की नर-मादी पोटाला पोट लावून तळापासून हळूहळू वर तरंगत येतात, अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात आणि झटकन खाली पळतात. घरच्या टँकमध्येही हे घडतं. खरी अडचण पुढे असते. अंडी मिलिमीटरपेक्षा लहान, त्यातून साधारण दिवसभरात निघणारी पिल्लं त्याहून नाजूक, आणि त्यांच्या तोंडात मावेल असं जिवंत अन्न त्यांना सतत पुरवावं लागतं.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या ओआरए या हॅचरीने २०१० मध्ये टँकमध्येच जन्मलेले मँडरिन विक्रीला आणत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा हौशी मंडळींत मोठी खळबळ उडाली. पुढे बायोटा या कंपनीनेही अशी पिल्लं बाजारात आणली. यांनाच 'कॅप्टिव्ह-ब्रेड' म्हणतात.

यातली खरी किमया अंगात नसून सवयीत आहे. ही पिल्लं लहानपणापासून फ्रोझन आणि बारीक तयार खाद्य खात वाढतात. पोटाची गरज तीच, समुद्रातल्या भावंडांइतकीच. फक्त अन्न म्हणजे काय, याची त्यांची व्याख्या मोठी असते. दुसरा फायदा समुद्राचा. शोभेचे मासे पकडायला आग्नेय आशियात सायनाइड फवारण्याची पद्धत चालत आली आहे, आणि त्यात माशांबरोबर प्रवाळही मरतात. हॅचरीतल्या माशामागे हे पाप नाही.

पण 'कॅप्टिव्ह-ब्रेड आहे, म्हणजे काळजी मिटली' हा समज महागात पडतो. ही पिल्लं विकली जातात तेव्हा कधीकधी दोन-अडीच सेंटिमीटरचीच असतात. अंगात साठा जवळजवळ नाही, त्यामुळे दोन दिवसांची उपासमारही जड जाते. आणि मोठ्या टँकमध्ये एकदम सोडलं तर कोपेपॉडच्या नादी लागून ती तयार खाणं विसरतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

घरी आणल्यावर

म्हणून पहिले एक-दोन आठवडे त्याला मुख्य टँकमध्येच लावलेल्या जाळीच्या किंवा भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात ठेवावं. डबा लहान, त्यामुळे खाणं समोर राहतं, दुसरं कुणी पळवत नाही आणि पोट रोज तपासता येतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्यायचं. तो नीट खायला लागला, पोट गोल दिसलं, की मगच बाहेर.

बाहेर सोडल्यावर त्याला खाण्याची एक ठरलेली जागा शिकवता येते. काचेची छोटी बरणी तळाशी आडवी ठेवायची आणि लांब पिपेटने त्यात खाद्य सोडायचं. मँडरिन चालत आत जातो, धावणारे मासे सहसा आत शिरत नाहीत. खाद्य सोडताना पंप पाच-दहा मिनिटं बंद ठेवा, नाहीतर सगळं वाहून फिल्टरमध्ये.

सगळ्यात खात्रीचं खाणं म्हणजे नुकतेच फुटलेले आर्टेमिया. कोळंबीच्या हॅचरीत वापरतात तेच. सुकी अंडी मिठाच्या पाण्यात टाकून खालून हवेचा पंप लावला की उबदार हवेत साधारण २४ तासांत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. पंप बंद केला की रिकामी टरफलं वर तरंगतात. जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात, तिथून ती पिपेटने ओढून घ्यायची आणि गाळून द्यायची. लगेच द्यायची, कारण त्यांच्यातलं पोषण जन्मतःच्या बलकात असतं आणि ते तासातासाला घटतं. मोठे झालेले ब्राइन श्रिम्प दिसायला भरपूर, पण वेगळं पोषण न दिल्यास बरेचसे पोकळ. त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

सोबत कोपेपॉडची शेतीही चालू ठेवावी. टँकला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात कीटोमॉर्फा नावाचं गुंतवळासारखं शेवाळ वाढवलं तर त्यात ते निर्धास्त वाढतात आणि थोडेथोडे मुख्य टँकमध्ये येत राहतात. तयार खाणं हे जेवण धरलं, तर ही दिवसभराची चरायची सोय.

पाण्याचं गणित इतर रीफ टँकसारखंच : तापमान २४ ते २६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास, प्रवाह मंद. शेजारी मात्र निवडून घ्यावेत. सिक्स-लाइन रॅस हा मासा तेच कोपेपॉड दुप्पट वेगाने खातो, वर दादागिरी करतो. दोन नर एकत्र ठेवले तर एक मरेपर्यंत भांडू शकतात. नर ओळखायला सोपा, पाठीवरच्या पहिल्या पराचा काटा लांब उंचावलेला असतो. समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, या संथ माशाला गिळू शकतं. आणि टँकवर जाळी हवीच, कारण घाबरला की हा चालणारा मासा उडी मारतो.

भारतात ठेवायचा असेल तर

मे महिन्यात मुंबईत काय किंवा नागपुरात काय, चिलरशिवाय २६ अंश विसरा. मशिनची किंमत आणि विजेचं बिल आधी धरा, माशाची किंमत नंतर. पाणी नळाचं चालत नाही, आरओ-डीआय फिल्टरचं लागतं.

आणि एक कायद्याची गोष्ट. भारतीय समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून 'नुसता दगड' म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही गुन्हा ठरू शकतो. टँकसाठी कृत्रिम किंवा सिरॅमिकचा खडक मिळतो, त्यावर कोपेपॉड बाहेरून आणून वसवता येतात. फक्त वेळ द्यावा लागतो.

दुकानात 'कॅप्टिव्ह-ब्रेड' अशी पाटी दिसली तर हॅचरीचं नाव विचारा. मग दुकानदाराला तुमच्यासमोर फ्रोझन खाद्य टाकायला सांगा आणि दहा मिनिटं तिथेच उभे राहा. मासा खाताना दिसला आणि वरून पाहिल्यावर पोट भरलेलं असलं, तर पुढचं बोलणं करा. 'घरी गेल्यावर खाईल' असं उत्तर मिळालं, तर पैसे खिशात ठेवून निघा.

तो नीट टिकला, जोडी जमली, तर दिवे मंद झाल्यावर टँकसमोर बसून बघा. रोज ठरल्या वेळी दोघं एका खडकाजवळ भेटतात, नर पर फुलवून फेऱ्या मारतो आणि मग दोघं हळूच वर तरंगायला लागतात. सकाळपर्यंत बहुतेक अंडी फिल्टरने किंवा प्रवाळांनी गिळलेली असतात, आणि संध्याकाळी पुन्हा तेच सुरू.