वकिलाच्या ओटीवरचे प्रश्न

कायद्याचा इतिहास लिहिणारे लोक बहुधा दोन वाटांनीं जातात. कोणी राज्यकर्त्यांनीं केलेले नियम सालवार मांडतात. कोणी मोठमोठ्या न्यायाधीशांचे निकाल घेऊन त्यांतून तत्त्वांचा विकास दाखवितात. दोन्ही वाटा चांगल्या आहेत, परंतु त्या दोन्ही वरून खालीं येणाऱ्या आहेत. खालून वर जाणारी तिसरी एक वाट आहे, आणि ती म्हणजे सामान्य माणसाच्या प्रश्नांची. वकिलाच्या ओटीवर बसलेला कुळवाडी, कागदांची पुरचुंडी उराशीं धरून आलेली विधवा, भावांनीं घराबाहेर काढलेला धाकटा भाऊ, ह्यांना कायद्याचें कलम ठाऊक नसतें. त्यांना फक्त आपली अडचण ठाऊक असते. ती अडचण ते ज्या शब्दांनीं सांगतात, ते शब्द म्हणजेच कायद्याच्या इतिहासाचें एक अस्सल साधन होय, असें आम्हांस वाटतें.

हे प्रश्न मोजून पाहिले तर फार नाहींत. बापाच्या मागें जमीन कोणाची? नवरा मेला, दीर घर सोड म्हणतो, सोडावें काय? खतावर अंगठा उठविला, पैसे फेडले, पावती घेतली नाहीं. आतां पुढें काय? बांध शेजाऱ्यानें सरकविला, कोणाकडे जावें? दोनशें वर्षांपूर्वीं हेच प्रश्न होते व आजही हेच आहेत. बदललें तें एवढेंच कीं, प्रश्न कोणाला विचारावयाचा, आणि कशाला पुरावा म्हणावयाचें. ह्या बदलाचा माग पश्चिम महाराष्ट्रापुरता येथें काढावा असा आमचा विचार आहे.

पेशवाईच्या काळीं ‘वकील’ हा शब्द होता, पण तो एका दरबाराचें बोलणें दुसऱ्या दरबारीं नेणाऱ्या माणसाला लावीत. वतनाचा किंवा शिवेचा वाद पडला तर मनुष्य पाटलाकडे, तेथून देशमुख-देशपांड्यांकडे, आणि अखेर सरकारांत जाई. निवाडा बहुधा गोतानें किंवा पंचांनीं करावा अशी रीत असे. वाद आधीं मांडणारा तो अग्रवादी व त्याला उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघेही आपापला करीणा लिहून देत, आणि पंच सांगतील तें मान्य करूं असा राजीनामा देत. आज ज्या शब्दानें आपण नोकरी सोडतों, त्या शब्दाचा तेव्हांचा एक अर्थ असा राजीखुशीचा होता, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. हरणारा यजितखत लिहून देई. जिंकणारा हरकी भरी, हरणारा गुन्हेगारी भरी. सारांश, ‘शास्त्र काय म्हणतें’ ह्यापेक्षां ‘चार माणसांना काय ठाऊक आहे’ हा त्या वेळचा खरा प्रश्न होता. शेजारीपाजारी हाच पुरावा आणि गांवाची आठवण हेंच दफ्तर.

ह्या व्यवस्थेचें गोडवे गाणारे पुष्कळ आहेत, व रामशास्त्री प्रभुण्यांच्या नांवानें आजही महाराष्ट्राची मान ताठ होते. परंतु एका निःस्पृह न्यायाधीशावरून साऱ्या व्यवस्थेची परीक्षा करणें बरोबर नव्हे. साक्षीनें निर्णय लागेना तर दिव्य करावें लागे. उकळत्या तेलांतून धातूचा तुकडा काढणाऱ्या हाताच्या फोडांवरून वतन कोणाचें तें ठरे. सावकाराला न्यायसभेपेक्षां तगादा व धरणें हे उपाय जवळचे वाटत. शिवाय गोताच्या आठवणीवर निकाल लागावयाचा म्हणजे ज्याचें गोतांत वजन त्याची आठवण खरी ठरण्याचा संभव अधिक. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ह्यानें 1819 सालीं जिंकलेल्या मुलखाविषयीं जें निवेदन लिहिलें, त्यांत त्यानें पंचायतीचे दोष दडविले नाहींत. तरीपण ती मोडूं नये असाच त्याचा कल होता. ती मोडली नाहीं, पण पुढें हळूहळू तिच्याकडे कोणी जाईनासें झालें.

1827 सालीं मुंबई इलाख्याचे नवे नियम झाले. त्यांतील चवथ्या नियमाच्या सव्विसाव्या कलमांत, दिवाणी वादांत न्यायाधीशानें कोणता कायदा पाहावा ह्याची पायरी घालून दिली होती. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे. ते नसल्यास देशाची वहिवाट. तीही नसल्यास प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि कांहींच नसेल तर न्याय, समता व सदसद्विवेकबुद्धि. शास्त्राच्याही आधीं वहिवाटीला जागा मिळाली, ही ह्या कलमांतील मोठी गोष्ट होय. पण वहिवाट कळावी कशी? ती कोठें लिहिलेली नव्हती. म्हणून सरकारच आतां प्रश्न विचारूं लागलें. आर्थर स्टील ह्यानें दक्षिणेंतील जातींच्या चालीरीतींची चौकशी करून तयार केलेला ग्रंथ त्याच 1827 सालीं प्रसिद्ध झाला. लग्न, पाट, काडीमोड, दत्तक, वांटणी ह्यांबद्दल निरनिराळ्या जातींची रीत काय, हें त्यांत नमूद आहे. ज्या जातींचें नांव धर्मशास्त्राच्या पोथ्यांत केवळ ओझरतें येतें, त्यांचें घरगुती जीवन त्यांत कागदावर उतरलें.

शास्त्राचा प्रश्न निघाला म्हणजे अदालतीला जोडलेल्या शास्त्र्याकडे तो लिहून पाठवीत व शास्त्री आधारासह आपलें मत देई. पुढें ह्या उत्तरांचा मोठा सांठा जमला. रेमंड वेस्ट व योहान गेओर्ग ब्यूलर ह्या दोघा विद्वानांनीं तो चाळून, निवडून, त्यावर टीपा देऊन हिंदु कायद्याचा जो संग्रह केला, त्याचा पहिला भाग 1867 सालीं बाहेर आला. वकील त्याकडे आधारग्रंथ म्हणून पाहत आले. आम्ही त्याकडे त्या काळच्या कुटुंबांचा आरसा म्हणून पाहतों. मृताला विधवा आहे आणि विभक्त भाऊ आहे, वारस कोण? मुलगी व पुतण्या ह्यांत कोणाचा हक्क आधीं? गोसावी मेला तर त्याची चीजवस्तु चेल्याची कीं गुरुबंधूची? जंगमाची व्यवस्था काय? राजेरजवाडे ह्यांत थोडे. साधीं घरें पुष्कळ.

ह्या प्रश्नोत्तरांत एक शब्द पुनःपुन्हा येतो, आणि त्यावर माणसाचें घरदार टांगलेलें असे. तो शब्द ‘विभक्त’. नवरा भावांपासून विभक्त असून निपुत्रिक मेला तर त्याची विधवा वारस. अविभक्त असतां मेला तर मिळकत भावांची, आणि विधवेला अन्नवस्त्र. आतां आपल्याकडे चुली वेगळ्या होतात त्या कागद करून होतात असें नाहीं. सासूसुनांचें पटेनासें झालें, थोरल्यानें भिंत घातली, धान्य दोन कणग्यांत पडूं लागलें, कीं घर वेगळें झालें. परंतु शास्त्र्याकडे प्रश्न जाई तो न्यायाधीशानें ठरवून दिलेल्या हकीकतीसह. शास्त्र्यानें त्या बाईला पाहिलेलें नसे, भिंत पाहिलेली नसे. त्याच्या पुढें एक शब्द येई आणि त्याचें उत्तर तेवढ्या शब्दापुरतें बिनचूक असे. पंचायतींत पंचांना भिंत ठाऊक असे पण शास्त्र ठाऊक नसे. आतां शास्त्र ठाऊक असलेल्याला भिंत ठाऊक नव्हती. 1864 सालीं अदालतींतील शास्त्र्यांचीं पदेंही रद्द झालीं, आणि भिंतीची हकीकत व शास्त्राचें वचन ह्या दोहोंची सांगड घालण्याचें काम वकिलावर येऊन पडलें. ओटीवरच्या प्रश्नांना खरें महत्त्व आलें तें तेव्हांपासून.

आमच्या इलाख्याला ह्या बाबतींत एक विशेष होता, तोही येथें सांगितला पाहिजे. नीलकंठाच्या व्यवहारमयूखाला मान देणाऱ्या ह्या प्रांतांत स्त्रियांचा वारसाहक्क इतर प्रांतांपेक्षां थोडा सैल होता. बहिणीलाही वारसांत जागा होती. नवऱ्याची स्पष्ट परवानगी नसली तरी विधवेला दत्तक घेतां येतो, असें मुंबईच्या हायकोर्टानें महाराष्ट्रापुरतें 1868 सालीं ठरविलें. विश्वनाथ नारायण मंडलिक ह्यांनीं 1880 सालीं मयूखाचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध करतांना पोथीबरोबर चालू वहिवाटीकडेही लक्ष दिलें, तें ह्याच परंपरेला धरून होतें.

घरच्या वाटणीइतकाच जुना प्रश्न कर्जाचा. त्याची कथा अधिक कडू आहे. 1859 सालच्या मुदतीच्या कायद्यानें नोंद नसलेल्या साध्या कर्जाच्या फिर्यादीला तीन वर्षांची मुदत ठेवली. हेतु हा कीं, जुनीपुराणीं खोटीं खतें काढून सावकारानें कुळाला नाडूं नये. घडलें तें उलट. मुदत सरत आली कीं सावकार नवें खत लिहून घेई आणि थकलेलें व्याज नव्या खतांत मुद्दल होऊन बसे. व्याज एका वेळीं मुद्दलापेक्षां अधिक मागूं नये हा दामदुपटीचा जुना नियम मोडावा लागला नाहीं. तो वळसा घालून टाळतां आला. अशा स्थितींत कुळाचा प्रश्न एवढाच असे: ‘मीं घेतले किती, दिले किती, आणि राहिले किती?’ न्यायाधीशाचा प्रश्न एवढाच असे: ‘हा अंगठा तुझा काय?’ पहिल्या प्रश्नाला कोर्टांत जागा नव्हती, व दुसऱ्याला ‘होय’ म्हटल्यावर हुकूमनामा होण्यास वेळ लागत नसे.

12 मे 1875 रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवच्या बाजारांत ह्या दोन प्रश्नांतील अंतराचा स्फोट झाला. पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. दंगेखोरांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, तर खतांवर व हुकूमनाम्यांवर होता; ते कागद हिसकावून घेत आणि जाळून टाकीत. अडाणी म्हटल्या जाणाऱ्या शेतकऱ्यानें आपला शत्रु किती नेमका ओळखला होता पाहा! चौकशी होऊन 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. खताच्या मागें जाऊन मूळपासूनचा हिशेब पाहण्याचा अधिकार त्यानें न्यायाधीशाला दिला. हप्ते बांधून देण्याची, पावती देण्याची सक्ति करण्याची, गांवच्या नोंदणीकामगारापुढें खत लिहिण्याची सोय केली. ‘राहिले किती?’ हा कुळाचा प्रश्न अखेर कोर्टानें आपला मानला. पण त्याकरितां आधीं कागदांची होळी पेटावी लागली.

विसाव्या शतकांत बाईच्या प्रश्नाला निराळें उत्तर मिळूं लागलें. डॉ. गोपाळराव देशमुखांच्या प्रयत्नानें झालेल्या 1937 च्या कायद्यानें विधवेला नवऱ्याच्या मिळकतींत हिस्सा दिला, पण तो हयातीपुरता. 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें ती मर्यादा काढली. महाराष्ट्रानें 1994 सालीं व सर्व देशानें 2005 सालीं मुलीला वडिलोपार्जित मिळकतींत जन्मसिद्ध हक्क दिला; 2005 च्या दुरुस्तीच्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2020 सालीं सांगितलें. ‘विभक्त’ ह्या एका शब्दानें विधवेला उंबऱ्याबाहेर घालणाऱ्या काळापासून येथवरचा प्रवास लहान नाहीं. तथापि ओटीवर आज येणारी बहीण काय विचारते? ‘हक्क आहे काय?’ असें ती क्वचितच विचारते. ‘भावांनीं हक्कसोडीवर सही घेतली, तो कागद कशाचा होता हें मला आतां कळलें, कांहीं करतां येईल काय?’ असें ती विचारते. कुळाच्या अंगठ्याची जागा बहिणीच्या सहीनें घेतली आहे, एवढाच फरक.

येथें आमच्या मतें ह्या साऱ्या इतिहासाचें मर्म आहे. कायदा उत्तर देतो तें सही होण्यापूर्वीं विचारणाऱ्याला. सामान्य मनुष्य विचारावयास येतो तो सही झाल्यावर. उसन्या पैशाच्या फिर्यादीला आजही तीन वर्षें व स्थावराच्या ताब्याच्या दाव्याला बारा वर्षें मुदत आहे. पण भावाभावांत ‘बघूं, होईल’ असें म्हणतांना हीं वर्षें कोणी मोजीत नाहीं. राज्यघटनेंत 1976 सालीं विनामूल्य विधिसाहाय्याचें कलम आलें, 1987 च्या कायद्यानें त्याला आकार दिला, आणि 1995 पासून तो अंमलांत आहे. स्त्रियांना तर उत्पन्न न पाहतां हें साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. ही गोष्ट जितक्या बायकांना ठाऊक असावयास पाहिजे तितक्यांना ठाऊक नाहीं, हें तालुक्याच्या कोर्टाच्या आवारांत एक सकाळ काढणाऱ्या कोणालाही दिसेल.

पंचांना भिंत ठाऊक होती, शास्त्र्याला वचन ठाऊक होतें, वकिलाला दोन्ही ठाऊक करून घेतां येतात. पण ज्याची भिंत आणि ज्याचा हक्क त्यालाच शेवटीं दोन्ही ठाऊक असल्याखेरीज कायदा चांगला असून भागत नाहीं. म्हणून कायदे किती झाले ह्यावरून राज्याची परीक्षा करूं नये. सही करण्यापूर्वीं, न भितां व पदरमोड न करतां, ‘ह्या कागदांत काय आहे?’ असें विचारण्याची सोय किती जणांना आहे, ह्यावरून ती करावी. सुप्याच्या बाजारांत जळालेल्या खतांनीं हीच गोष्ट सांगितली होती, आणि ती अजून जुनी झालेली नाहीं.