भागानगरचे तीन दिवस

पोखर्णीच्या नृसिंहाच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूंना तेथील लहानसें रेल्वे स्टेशन ठाऊक असतें. परंतु त्या स्टेशनावरून हैदराबादेस जाण्याच्या दोन वाटा फुटतात, आणि त्या दोन्ही वाटा म्हणजे दक्षिणेच्या इतिहासाचीं दोन प्रकरणेंच होत, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. एक वाट परभणीला जाऊन तेथून पूर्णा, नांदेड व निजामाबाद करीत सिकंदराबादेस पोंचते. दुसरी गंगाखेड, परळी वैजनाथ, लातूर रोड, उदगीर, बिदर व विकाराबाद अशी जाते. गाडी कोठें बदलावी लागेल हें वेळापत्रकावरून ठरवावें. पण जातांना बिदरची वाट धरावी आणि परततांना नांदेडची, अशी माझी शिफारस आहे. कारण बिदर ही बहमनी सुलतानांची राजधानी. त्यांचाच एक सुभेदार, सुलतान कुली, १५१८ च्या सुमारास गोवळकोंड्यास स्वतंत्र झाला, आणि त्याच्या वंशजानें हैदराबाद वसविलें. म्हणजे जो क्रम इतिहासाचा तोच आपल्या प्रवासाचा. वाटेंत उदगीर लागतें, तेथें १७६० मध्यें मराठ्यांनीं निजामाचा पराभव केला. गाडी तेथून रात्रीं जात असेल आणि मुलें झोंपलीं असतील तर त्यांना उठवूं नये. उदगीर कोठें पळून जात नाहीं.

मराठवाड्यांतील घरांस अशा सहलीसाठीं १७ सप्टेंबरचा दिवस सोयीचा वाटतो. सकाळीं मुक्तिसंग्रामाचें झेंडावंदन होतें, आणि तो दिवस शुक्रवारीं आला म्हणजे पुढचे शनिवार-रविवार जोडून मिळतात. पण या सोयीबरोबर एक अडचणही पदरीं येते. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें, आणि १७ तारखेच्या सायंकाळीं निजाम मीर उस्मान अली खान यानें युद्ध थांबविल्याचें जाहीर केलें. ज्याच्या अंमलांतून सुटल्याचा आनंद सकाळीं साजरा केला, त्याच्याच घराण्याच्या राजवाड्याचें तिकीट दुसऱ्या दिवशीं पैसे मोजून घ्यावयाचें, हें कसें काय, असें घरांतील एखादा चौकस मुलगा विचारल्यावांचून राहणार नाहीं. त्याला गप्प बसवूं नये. या प्रश्नाचें उत्तर देतां येत नसेल तर हैदराबादेस जाण्यांत अर्थ नाहीं.

उत्तर सोपें नाहीं, हें मात्र खरें. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालीं चाललेला लढा, १९३८ मध्यें उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल काढून टाकलेले विद्यार्थी आणि नागपूर विद्यापीठानें त्यांना दिलेला आसरा, रझाकारांनीं खेडोपाडीं केलेले अत्याचार, हें मुलांना सांगितलेंच पाहिजे. परंतु तेवढेंच सांगून थांबणें प्रामाणिकपणाचें नव्हे. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्याच्या कित्येक गांवांतून निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या समितीस चौकशीसाठीं पाठविलें, आणि तिचा अहवाल पुढें कित्येक दशकें लोकांच्या दृष्टीआड राहिला. हैदराबादेंतही १७ सप्टेंबर पाळला जातो, आणि त्या दिवसास मुक्तीचा म्हणावें कीं एकात्मतेचा, यावर तेथें अजून वाद चालतो. नांवाचा हा वाद पोकळ नाहीं. कोणास काय आठवावेंसें वाटतें, तें त्यांतून कळतें.

शिवाय शहर कांहीं शेवटच्या निजामानें बांधलेलें नव्हे. महंमद कुली कुतुबशहानें १५९१ मध्यें त्याची स्थापना केली, त्याच वर्षींचा चारमिनार, आणि मुसी नदीवरचा जुना पूल तर त्याहूनही तेरा वर्षांनीं वडील. आपल्या बखरकारांनीं या शहरास सदैव ‘भागानगर’ म्हटलें. भागमती नांवाच्या नर्तकीवरून तें नांव पडलें ही कथा गोड आहे, आणि इतिहासकारांत तिच्याबद्दल एकमत नाहीं. गोड कथांचें बहुधा असेंच असतें. कथा खरी असो वा नसो, १६७७ च्या प्रारंभीं शिवाजी महाराज दक्षिणदिग्विजयास निघाले तेव्हां ते प्रथम या भागानगरांतच आले, आणि अबुल हसन कुतुबशहानें त्यांचा मोठा सत्कार केला, ही गोष्ट निश्चित आहे. त्या सुलतानाचा मुख्य मंत्री मादण्णा हा ब्राह्मण होता. दोन्ही राज्यांचा मोंगलांविरुद्ध स्नेह त्यानेंच जुळविला. दहा वर्षांनीं औरंगजेबानें आठ महिने वेढा घालून गोवळकोंडा घेतला, तोही फितुरीनें दार उघडलें तेव्हां. खाफीखान सांगतो कीं मोंगल सरदार आंत शिरले त्या वेळीं अबुल हसन शांतपणें त्यांच्याशीं बोलला, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून जेवावयास बसला. राज्य गेलें तरी पानावरून उठावयाचें नाहीं, ही या शहराची वृत्ति तेव्हांपासूनची दिसते.

म्हणून शनिवारीं सकाळीं, उन्हें चढण्यापूर्वीं, गोवळकोंडा पाहावा. दाराच्या घुमटाखालीं टाळी वाजविली असतां ती वर बालाहिसारपर्यंत ऐकूं जाते; मुलांचा तासभर तेथेंच जाईल आणि जाऊं द्यावा. माळकरी आजोबांना मात्र तेथें रामदासाची कोठडी दाखवावी. हा आपला समर्थ नव्हे. भद्राचलमचें राममंदिर बांधण्यासाठीं सरकारी वसूल खर्च केला म्हणून कैदेंत पडलेला कंचर्ल गोपन्ना तो. किल्ल्याजवळच कुतुबशाही सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांत अबुल हसनची कबर शोधूं नये. तो दौलताबादच्या कैदेंत वारला आणि आपल्या खुलताबादेस पुरला गेला. त्याची कबर पाहावयाची तर उलट दिशेची गाडी धरावयास हवी.

आतां जेवणाचें. सात-आठ माणसांच्या कुटुंबांत निम्मीं माळकरी आणि निम्मीं बिर्याणीसाठींच आलेलीं, अशी स्थिति बहुधा असते, आणि सहलीचा बेत बिघडतो तो इतिहासावरून नव्हे, यावरूनच. माझें मत असें कीं दोन्ही पक्षांनीं एकदां वेगळ्या ठिकाणीं जेवावें आणि त्याचा कोणी राग मानूं नये. तरुण मंडळींनीं कच्च्या गोश्ताची बिर्याणी खावी. मसाला-दह्यांत मुरविलेलें कच्चें मांस तळाशीं, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ, झांकणाच्या कडेस कणकेची पट्टी लावून वाफ कोंडलेली, आणि मंद आंच: सारी कला या कोंडण्यांत आहे. मांस आणि तांदूळ एकाच क्षणीं शिजून यावयास हवेत. भांडें मध्यें उघडून पाहण्याची सोय नाहीं. ही बिर्याणी अमुक बादशहाच्या छावणींत जन्मली, असें वाढणारा सांगूं लागला तर ऐकून घ्यावें. अशा कथांना कागदाचा आधार क्वचितच असतो. हलीम मुख्यत्वें रमझानांतलें. गहूं आणि मांस तासन्‌तास घोटून केलेला हा पदार्थ अरबांच्या ‘हरीस’ या पदार्थापासून आला. निजामाच्या फौजेंत हद्रमौतचे अरब होते, त्यांची वस्ती ‘बारकस’ म्हणजे बराकी या नांवानें अद्याप नांदते. २०१० मध्यें हैदराबादी हलीमला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षणही मिळालें.

परंतु खरी मौज माळकरी पंगतीची आहे. बघारे बैंगन आजीपुढें येऊं द्या आणि तिचा चेहरा पाहा. भरल्या वांग्यांस लागणारे भाजके शेंगदाणे, तीळ, सुकें खोबरें आणि चिंचेचा कोळ, तेंच सारें तेथें. फक्त फोडणी अधिक सढळ आणि मेथीदाणा-कढीपत्त्याचा वास तेलुगू अंगानें जाणारा. मिरच्यांचें सालन त्याच वाटणावर उभें असतें, आणि खट्टी दाळ म्हणजे आमच्या चिंचेच्या आमटीची बहीणच, गूळ मात्र न घेतलेली. हें साम्य योगायोगाचें नव्हे. परभणी आणि हैदराबाद सुमारें सव्वादोनशें वर्षें एका राज्यांत होतीं. ज्वारी, तीळ, चिंच ही एकाच पठाराचीं पिकें. मिरची आणि भुईमूग हे तर दोघांकडेही उपरे. अमेरिकेंतून पोर्तुगीजांच्या काळांत समुद्रावरून आलेले, आणि आज त्यांच्यावांचून दोन्हीकडची चूल पेटत नाहीं. कोणाची भाजी अस्सल, यावर भांडणाऱ्यांनीं एवढें लक्षांत घ्यावें.

कुलच्याची गोष्ट येथेंच सांगितली पाहिजे, कारण तिचें मूळ औरंगाबादेंत आहे. पहिला निजाम, निजामुल्मुल्क, राज्य मिळण्यापूर्वीं सूफी संत निजामुद्दीन औलिया औरंगाबादी यांच्या भेटीस गेला असतां त्यांनीं त्याला पिवळ्या वस्त्रांत बांधलेले कुलचे खावयास दिले. त्यानें सात खाल्ले, आणि संत म्हणाले कीं तुझ्या सात पिढ्या राज्य करतील, अशी आख्यायिका आहे. आसफजाही निशाणाचा रंग पिवळा आणि त्यावरील वर्तुळ म्हणजे तो कुलचा, असें मानतात. सातव्या निजामाबरोबर राज्य संपलें, म्हणून भाकीत खरें ठरलें म्हणावें, तर मधल्या नासिरजंग, मुजफ्फरजंग व सलाबतजंग या तिघांस गणतींतून वगळावें लागतें. ते वगळलेही जातात. भाकिताच्या सोयीसाठीं इतिहासानें इतकी तडजोड केलेली दिसते. १७६३ मध्यें राजधानी औरंगाबादहून हैदराबादेस गेली; नांदेड-परभणीकडून कागदपत्र घेऊन जाणाऱ्यांची पावलें तेव्हांपासून दक्षिणेकडे वळलीं.

रविवार जुन्या शहरासाठीं ठेवावा. चौमहल्ला राजवाडा आणि सालारजंग संग्रहालय हीं दोन्ही शुक्रवारीं बंद असतात, त्यामुळें शनिवार-रविवारचा हिशेब आपसूकच जुळतो. सकाळीं चारमिनारपाशीं इराणी चहा घ्यावा. काळा अर्क वेगळा मुरत असतो, आटीव दूध वेगळें, आणि दोहोंची गांठ पेल्यांतच पडते. सोबत उस्मानिया बिस्किट, किंचित् खारट. मग मक्का मशीद, जिचें काम कुतुबशाहींत सुरू होऊन १६९४ मध्यें औरंगजेबानें संपविलें. सालारजंग संग्रहालयांत सर्वच पाहण्याचा हट्ट धरूं नये. बेंझोनीनें १८७६ मध्यें घडविलेली बुरख्यांतील रेबेकेची संगमरवरी मूर्ति पाहावी. संगमरवरांतून चेहरा दिसावा असा पातळ पदर त्यानें संगमरवराचाच केला आहे. घड्याळाच्या ठोक्यांस लहान माणूस बाहेर येतो, त्यासाठीं मुलें थांबतीलच. मोठ्यांनीं मात्र पहिल्या सालारजंगाची आठवण काढावी. १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षें दिवाण असलेल्या या माणसानें वसुलाची इजारेदारी मोडून जिल्ह्यांची व्यवस्था लावली. परभणी जिल्हा ज्या चौकटींत उभा राहिला ती त्याची. आजही मराठवाड्यांतील कुळांच्या जमिनीचा तंटा १९५० च्या हैदराबाद कुळकायद्यावांचून सुटत नाहीं. राज्य १९५६ मध्यें तीन प्रांतांत वांटलें गेलें, पण सातबाऱ्यामागें तें अद्याप उभें आहे.

दुपारीं कोठीकडे यावें. उर्दूच्या राज्यांत मराठी मुलांनीं मराठींत शिकावें म्हणून १९०७ मध्यें येथें विवेकवर्धिनी शाळा निघाली. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक हीं नांवें तिच्याशीं जोडलेलीं आहेत. आमच्या बाजूचे कित्येक वकील आणि शिक्षक शिकावयास म्हणून या भागांत आले आणि राहिले. त्यांचीं नातवंडें घरीं मराठी बोलतात, रस्त्यावर दखनी आणि कचेरींत तेलुगू. त्यांच्या मराठींत ‘नक्को’ जास्त असेल; हंसूं नये.

तेथून जवळच उस्मानिया रुग्णालयाच्या आवारांत एक चिंचेचें झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजीं मुसीला महापूर आला, हजारों माणसें वाहून गेलीं, आणि या एका झाडाच्या फांद्यांस धरून दीडशेंच्या आसपास लोक वांचले. पुढें विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानें पूर अडविण्यासाठीं धरणें झालीं, उस्मानसागर १९२० मध्यें आणि हिमायतसागर त्यानंतर. हें झाड राजवाड्याच्या यादींत नसतें. आजीला तें अवश्य दाखवावें. आदल्या दिवशींच्या दाळीची चव तिच्या जिभेवर असेलच.

परतीची गाडी नांदेडची. सप्टेंबरांत गणेशविसर्जन आलें तर हुसेनसागराच्या बाजूचे रस्ते बंद असतात, तेव्हां स्टेशनावर दोन तास आधीं पोंचावें. त्यापूर्वीं बाजारांतून अर्धा शेर सुके जर्दाळू घ्यावेत. घरीं ते रात्रभर पाण्यांत भिजवून, सकाळीं बिया काढून, त्याच पाण्यांत साखर घालून मंद आंचेवर घोटावे. बिया फेंकूं नयेत, फोडून आंतला गर वर पेरावा, आणि साय घालावी ती थंड झाल्यावर.