तीन वाचनांची कुळकथा

लोकसभेत विधेयक मांडले जाते, त्याला पहिले वाचन म्हणतात. मग दुसरे, मग तिसरे. सभागृहात विधेयक अथपासून इतिपर्यंत कुणी वाचून दाखवत नाही. छापील प्रती आधीच वाटलेल्या असतात. तरी गणती वाचनांचीच चालते, कारण ही रीत छापील प्रतींच्या आधीची आहे.

चौदाव्या शतकात इंग्लंडच्या कॉमन्स सभेला कायदा लिहिता येत नसे. ती राजाकडे अर्ज करी. अर्ज मान्य झाला की राजाची माणसे कायद्याचा मजकूर तयार करत, आणि मागितले एक, उतरले भलतेच, असे होई. 1414 साली कॉमन्सने पाचव्या हेन्रीकडे गाऱ्हाणे नेले, की आमच्या मागणीचा अर्थ बदलेल असे काही त्यात घालू नका, त्यातून काढूही नका. पुढे त्याच शतकात अर्जाऐवजी कायद्याचा तयार मसुदाच सभागृहात येऊ लागला. माझ्या मते संसदीय इतिहासातला हा सर्वांत मोठा विजय आहे: शब्द लोकप्रतिनिधींच्या ताब्यात आले.

पण हस्तलिखित प्रत सगळ्यांच्या हाती देणे शक्य नव्हते. म्हणून सभागृहाचा कारकून मसुदा मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. किती वेळा वाचायचा, हे सुरुवातीला पक्के नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तीन हा आकडा रूढ झाला. पहिल्या वेळी ऐकायचे, दुसऱ्या वेळी तत्त्वावर बोलायचे. मग मसुदा समितीकडे जाई, तिथे घासूनपुसून परतला की चर्मपत्रावर सुवाच्य उतरवून तिसऱ्यांदा वाचला जाई.

1853 च्या सनदी कायद्याने कलकत्त्याच्या कौन्सिलात कायदे करण्यासाठी वेगळे सदस्य आले आणि ही पद्धत आपल्याकडे रुजू लागली. तिच्या मधल्या टप्प्यात किती ताकद आहे, हे महाराष्ट्राने गोखल्यांच्या विधेयकात पाहिले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण देता यावे, यासाठी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 16 मार्च 1911 रोजी विधेयक मांडले. वर्षभर विधेयक मतांसाठी देशभर फिरले. मार्च 1912 मध्ये गोखल्यांनी एवढेच मागितले, की विधेयक छाननीसाठी प्रवर समितीकडे पाठवा. सरकारी सदस्यांचे बहुमत असलेल्या कौन्सिलने ती मागणी 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळली. तिथेच विधेयक संपले.

हिंदूंच्या विवाह-वारशाविषयीचे हिंदू कोड बिल मात्र समितीच्या टप्प्यातून पार पडले. 1948 साली ते प्रवर समितीकडे गेले, परतही आले. अडले ते कलमवार चर्चेत. जेमतेम चार कलमे मंजूर झाली आणि सरकारने ते बाजूला ठेवले. सप्टेंबर 1951 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हे प्रमुख होते. 1955-56 मध्ये त्याच विषयावर चार वेगळे कायदे झाले.

आजची वाटही मुळात तीच. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा, मग एकेक कलम मताला. पहिले कलम आणि विधेयकाचे नाव मात्र शेवटी. तिसऱ्या वाचनात विधेयक मान्य की अमान्य, एवढाच प्रश्न उरतो. दुसऱ्या सभागृहात पुन्हा हेच सारे, आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. भर पडली ती 1993 साली, खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्यांची. आता अशा 24 समित्या आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. तिथे कॅमेरे नसतात, म्हणून खासदार पक्षाची री ओढण्यापेक्षा मजकुराकडे अधिक बघतात. पण विधेयक तिकडे पाठवणे बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयके समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत सुमारे 16 टक्के. ही घसरण मला घातक वाटते. घाईने झालेल्या कायद्यातली चूक मंत्र्याला क्वचितच भोवते. ती शेतकऱ्याला, कामगाराला, भाडेकरूला भोवते.

विधेयक समितीकडे गेले, की समिती बहुधा वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन लोकांची मते मागवते. त्यासाठी वकील असावे लागत नाही. तुमच्या धंद्याशी, शेतीशी, शाळेशी संबंध असलेल्या विधेयकाची अशी जाहिरात दिसली, तर मुदत संपण्याआधी कोणते कलम कुठे अडते ते नेमकेपणाने लिहून पाठवा.