संमोहनाचं कूळ कांदोळीचं

विरार लोकलच्या डब्यात दाराच्या वर चिकटवलेला बाबांचा कागद न वाचता घरी पोचलेला वसईकर सापडणं कठीण. प्रेमभंग, सवतीचा जाच, नोकरीतला अडथळा, वशीकरण, सगळ्याचा बंदोबस्त आणि वर गॅरंटी. कागद वाचणाऱ्याच्या हातातल्या मोबाइलवर तीच जाहिरात जरा शिकलेल्या भाषेत येते: संमोहनानं भीती घालवा, तंबाखू सोडा, मन बदला. दोघांचं म्हणणं एकच, की शक्ती आमच्याकडे आहे, तुम्ही फक्त या. पालघरच्या पाड्यावरचा भगत निदान ती शक्ती देवाची म्हणतो, स्वतःची नाही.

संमोहनापुरतं ‘शक्ती आमच्याकडे’ हे विधान दोनशे वर्षांपूर्वीच खोडलं गेलंय, आणि खोडणारा माणूस आपल्याच किनाऱ्याचा होता.

वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती, त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. त्यानंतर सतरा वर्षांनी, 1756 साली, पोर्तुगीजांकडे उरलेल्या गोव्यात बारदेशातल्या कांदोळीला जुझे कुश्तोदियु फारिया जन्मला. आईवडील वेगळे झाले. वडील पाद्री झाले, आई नन. 1771 मध्ये बापलेक लिस्बनला पोचले. पुढे मुलगा रोममध्ये शिकला आणि 1780 मध्ये तोही पाद्री झाला.

गोव्यात एक गोष्ट सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन द्यायला फारिया उभा राहिला आणि समोरचा दरबार पाहून त्याची वाचाच बसली. व्यासपीठाखालून वडील कोकणीत पुटपुटले, ही सगळी भाजी आहे, कातर रे भाजी! पोराची जीभ सुटली. गोष्ट खरी की रचलेली, याचा वाद घालण्यात मला रस नाही. मात्र पुढे आयुष्यभर तो ज्या गोष्टीच्या मागे लागला, तिचा गाभा या दोन वाक्यांत आहे: योग्य क्षणी, विश्वासाच्या माणसानं टाकलेला एक शब्द ऐकणाऱ्याच्या आत काय उलथापालथ करतो. वडिलांच्या बोटांतून कुठली लहर निघाली नव्हती.

त्या काळी पॅरिसला मात्र लहरींचंच वेड होतं. मेस्मर नावाचा व्हिएन्नाचा डॉक्टर 1778 मध्ये तिथे आला. माणसाच्या अंगात चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की आजार होतो आणि आपण तो वाहता करतो, असा त्याचा दावा. लोखंडी सळ्या लावलेल्या पिंपाभोवती रोगी बसवायचे, त्यांना झटके यायचे, काहींना बरंही वाटायचं. 1784 मध्ये राजानं समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए तीत होते. निष्कर्ष निघाला: द्रव नाही, ही नुसती कल्पना. समितीनं त्या ‘नुसती’वर विषय मिटवला. फारियाला तिथेच कुतूहल वाटलं असावं. नुसत्या कल्पनेनं माणसाचं दुखणं थांबत असेल तर कल्पना ही किरकोळ गोष्ट कशी?

फारिया पुढे फ्रान्सला आला. राज्यक्रांतीच्या धामधुमीतून निभावून आणि मार्से, नीम इथे तत्त्वज्ञान शिकवून 11 ऑगस्ट 1813 रोजी त्यानं पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर जाहीर वर्ग सुरू केला. पद्धत साधी. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटून मन झोपेवर एकवटायला सांगायचं आणि मग मोठ्यानं आज्ञा: झोपा! नाही जमलं तर पुन्हा. तरीही नाही तर उघडा तळवा डोळ्यांसमोर धरून हळूहळू जवळ आणायचा. ना पिंप, ना सळ्या. शक्ती माझी नाही, झोपणाऱ्याच्याच मनाची आहे, असं त्याचं म्हणणं. आणि प्रत्येकाला हे साधत नाही, हेही तो उघडपणे सांगायचा. कारण मात्र चुकीचं द्यायचा: ज्यांचं रक्त पातळ त्यांना लवकर झोप लागते म्हणे.

त्याची नाचक्की एका नटानं केली. झोप लागल्याचं सोंग घेऊन त्यानं ऐन वेळी डोळे उघडले आणि भर वर्गात पाद्र्याची फजिती केली. 1816 मध्ये त्याच्यावर टवाळीचं नाटक आलं आणि वर्ग ओस पडले. 1819 मध्ये ‘स्वच्छ निद्रेचं कारण’ अशा अर्थाच्या नावाचं त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी 20 सप्टेंबरला तो वारला. थडग्यावर नावही नाही. कादंबरीकार ड्यूमानं त्याचं नाव ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’मधल्या कैदी पाद्र्याला दिलं, बहुतेक जग त्याला तेवढ्यानंच ओळखतं.

विचार मात्र मागे राहिला. 1840 च्या दशकात मँचेस्टरच्या डॉक्टर जेम्स ब्रेडनं या विद्येला हिप्नोटिझमचं नाव दिलं. फ्रान्समधल्या नॅन्सीच्या डॉक्टर बर्नहाइमनं सूचना हेच संमोहनाचं मर्म ठरवलं आणि फारियाचं श्रेय मान्य केलं. त्याच नॅन्सीत औषधविक्रेता एमिल कुए रोग्यांना सांगू लागला की सकाळ-संध्याकाळ वीस वेळा स्वतःशी म्हणा, मी सुधारतोय. मोजायला वीस गाठींची दोरी. वसईच्या घरातल्या रोझरीसारखीच, फक्त प्रार्थना स्वतःला. आज ‘माइंडसेट’च्या शिबिरात जे हजार-हजार रुपये घेऊन पाठ करून घेतात, ते बरंचसं या दोरीचंच पिल्लू.

मग उपयोग किती? 2008 मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेनं आतड्याच्या चिवट त्रासात, औषधांनी वर्षभर गुण आला नाही तर, संमोहनाचा विचार करायला सांगितलं. तंबाखूच्या बाबतीत ढोल बडवण्यासारखं काही नाही: धूम्रपान सोडवण्यात संमोहन इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा पुरेसा पुरावा वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या 2019 च्या कॉक्रेन आढाव्याला मिळाला नाही. गर्दीच्या लोकलमध्ये छाती धडधडणाऱ्या माणसाला शांत बसवून, श्वास संथ करवून, मनातल्या मनात नायगाव, वसई, नालासोपारा असं एकेक स्टेशन पार करायला लावणं हे उपचाराचं एक अंग होऊ शकतं; मनोविकारतज्ज्ञाच्या जागी मात्र ते चालणार नाही. ‘एका बैठकीत बरे’ म्हणणारा सरळ मेस्मरच्या पिंपाकडे परत गेलेला असतो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी 1945 मध्ये उभारलेला फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र कामत यांनी घडवलेला. पाद्री हात पसरून झुकलाय आणि समोर एक बाई कोसळतेय. शिल्प जबरदस्त आहे, पण सांगतंय नेमकं उलटं: ते पाहून कुणालाही वाटेल की सगळी करामत त्या पसरलेल्या हातांची.