४५ अक्षरांचा आजार

दवाखान्यात येणारी पाठांतरात हुशार मुलं मला एक शब्द हमखास म्हणून दाखवतात: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कॉपिकसिलिकोव्हॉल्केनोकोनिओसिस. इंग्रजीत ४५ अक्षरं! तुम्हीही म्हणून बघा. अडखळलात तर असा तोडा: न्यू-मो-नो, अल्-ट्रा, माय-क्रो-स्कॉ-पिक्, सि-लि-को, व्हॉल्-के-नो, को-नि-ओ-सिस्. एकूण १९ तुकडे. सुरुवातीचा पी लिहायचा, पण उच्चारायचा नाही, न्यूमोनियासारखाच. शेवटी जोर 'ओ'वर द्या.

ग्रीक भाषेत न्यूमोन म्हणजे फुप्फुस आणि कोनिस म्हणजे धूळ. ज्वालामुखीतून निघालेल्या सिलिकाच्या अतिसूक्ष्म धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार, असा सगळा अर्थ.

गंमत म्हणजे हा शब्द वैद्यकातून आलेला नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडीप्रेमींच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी तो संमेलनात मांडला, न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनने छापला आणि पुढे तो शब्दकोशांतही गेला. डॉक्टरांना त्याची गरज नव्हती. धुळीच्या विकारांना जर्मन डॉक्टर त्सेंकर यांनी १८६७ मध्येच नाव दिलं होतं, आज आपण त्याला न्यूमोकोनिओसिस म्हणतो.

पण ते साल बघा. त्याच काळात वेस्ट व्हर्जिनियातल्या गॉली ब्रिज गावाजवळ माणसं खरोखरच या धुळीने मरत होती. १९३० साली तिथे हॉक्स नेस्ट बोगदा खणायला घेतला. खडकात सिलिका भरपूर. पाणी न मारता, कोरडंच ड्रिलिंग. मजूर बहुतेक कृष्णवर्णीय, पोटासाठी दक्षिणेतून आलेले. १९३६ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर सुनावणी झाली, तेव्हा ४७६ मृत्यूंचा आकडा पुढे आला. नंतरचे अंदाज त्याहून मोठे आहेत.

ही धूळ करते काय? फुप्फुसातल्या संरक्षक पेशी कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्याच मरतात, कण पुन्हा मोकळे होतात आणि तिथे व्रण धरत जातो. तो भरून येत नाही. वर टीबीचा धोका वाढतो.

आपण पाटीवर लिहायचो त्या पेन्सिली आठवतात? त्या बनवणाऱ्या मध्य प्रदेशातल्या मंदसौरच्या कामगारांनाही याच आजाराने गाठलं. रिपोर्टवर मात्र चारच तुकडे असतात: सि-लि-को-सिस्.

घरात कुणी खाणीत, क्रशरवर किंवा दगड कापण्याच्या कामावर असेल आणि दम लागत असेल, तर डॉक्टरांना खोकल्याआधी कामाबद्दल सांगा.