तानुबाईंच्या मागे कोण होतं?

पत्रकारिता शिकणाऱ्या किती मुलींना तानुबाई बिर्जे हे नाव माहीत आहे? ‘दीनबंधु’ हे सत्यशोधकांचं पत्र. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलं. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवलं, त्यांच्यानंतर वासुदेवराव बिर्जे यांनी. वासुदेवराव गेले आणि संपादकाच्या खुर्चीत त्यांची पत्नी बसली. देशातली पहिली महिला संपादक म्हणून आज तानुबाईंचं नाव घेतलं जातं.

हे नुसत्या हिमतीवर झालं नाही. वडील देवराव ठोसर सत्यशोधक, शिक्षण फुल्यांच्या शाळेत, पाठीशी अख्खी चळवळ. आज ज्याला नेटवर्किंग म्हणतात, ते हेच की!

आता आपलं नाशिक बघा. एचपीटीत मुली पत्रकारिता शिकतात, हुशारही आहेत. पण बातमी फिरते रात्रीच्या टपरीवर, पोलीस ठाण्याच्या आवारात. तिथल्या ओळखी पुरुष एकमेकांनाच देतात. मुलीच्या वाट्याला हळदीकुंकू आणि शाळेचं गॅदरिंग. कंटाळून ती क्षेत्रच सोडते.

सिनिअर मंडळींनो, ज्युनिअर मुलीला प्रेसला सोबत न्या, सोर्सचा नंबर द्या. सत्यशोधकांना शंभर वर्षांपूर्वी जमलं, आपल्याला का जमू नये?