आपल्या गावांची नावे



शाळेच्या दाखल्यावर आपण गावाचे नाव लिहितो. पण त्याचा अर्थ काय, हे क्वचितच विचारतो. वास्तविक गावाचे नाव हा इतिहासाचा एक लहानसा दस्तऐवजच होय.

नांदेडचेच पाहा. चौथ्या शतकातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या वाशीम ताम्रपटात ‘नांदीकड’ हे नाव आढळते. तेच आजचे नांदेड, असे अभ्यासक मानतात. येथेच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला. शीख बांधव या स्थानाला ‘अबचलनगर’ म्हणतात.

राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ नगरीचे अधिपती म्हणवीत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर. कानडी व तेलुगू भाषांत ‘ऊर’ किंवा ‘ऊरु’ म्हणजे गाव. देगलूर, चाकूर ही नावेही त्याच वळणाची. मुखेड, मुदखेड यांतील ‘खेड’ मात्र संस्कृत ‘खेट’ शब्दापासून आले.

आता अहमदपूर घ्या. ‘अहमद’ अरबी, ‘पूर’ संस्कृत. धर्माबादेत याच्या उलट. ‘धर्म’ संस्कृत आणि ‘आबाद’, म्हणजे वसलेले, हा शब्द फारसी. लातूरच्या गंजगोलाईतील ‘गंज’ही फारसीच. तेथे बाजाराला जाणारा प्रत्येक जण, मग तो कोणत्याही धर्माचा असो, हेच नाव घेतो. सांगा, या नावांची वाटणी कशी करणार? ती सर्वांनी मिळून घडविली आहेत.

या इतिहासात आपल्या मुलांना एक खास काम आहे. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. म्हणून आपल्याकडील जमिनीचे जुने कागद पुष्कळदा उर्दूत सापडतात. पण उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत आणि ‘ळ’ला अक्षरच नाही. त्यामुळे केवळ उर्दू जाणणारा गावाचे किंवा शेताचे नाव चुकीचे वाचील, आणि केवळ मराठी जाणणाऱ्याला ते वाचताच येणार नाही. ज्याला दोन्ही येतात, तोच ते नीट वाचील.

तेव्हा पालकहो, पेटीतले जुने कागद रद्दीत घालू नका. मुलांनो, या सुट्टीत दादा-दादी, नाना-नानींजवळ बसा. गावाचे, विहिरीचे, शिवाराचे नाव विचारा आणि वहीत दोन्ही लिप्यांत उतरवून ठेवा. सांगणारे आज आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.